संतांच्या हाती भाला आणि बाण का?

प्रश्न : कापूस वेचणीला येण्याआधी आम्ही काही गावकरी वसईला जाऊन आलो. तेथील एका चर्चमध्ये क्रूस व भाला धरलेल्या साधूची मूर्ती होती, तर दुसऱ्या मूर्तीच्या अंगात बाण रुतलेले होते. संतांजवळ शस्त्रे कशासाठी? आम्ही हात जोडले, ते योग्य झाले का?
— एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : खराटा दिसला की आपण गाडगेबाबा ओळखतो आणि चिलीम दिसली की शेगावचे गजानन महाराज, कॅथलिक मूर्तिकारही संतांची ओळख अशाच खुणांनी पटवतात. मात्र श्रद्धेसाठी ज्यांनी प्राण दिले, त्यांच्याजवळ बहुधा त्यांच्या छळाचे साधनच दाखवतात, कारण भक्तांच्या दृष्टीने ती त्यांच्या विजयाची निशाणी असते. बाणांनी विद्ध झालेले ते संत सेबॅस्टियन. परंपरा सांगते की ते बाणांच्या वर्षावातून वाचले आणि पुढे त्यांना दंडुक्यांनी मारण्यात आले; तरीही चित्रकार-मूर्तिकारांनी बाणच धरून ठेवले. संत लॉरेन्स यांच्याजवळ लोखंडी जाळी असते, कारण त्यांना तिच्यावर भाजल्याची कथा आहे.

भालाधारी साधू बहुधा संत गोन्सालो गार्सिया असावेत. ते वसईतच जन्मले. वडील पोर्तुगीज, आई इथली. जपानमध्ये त्यांनी व्यापार केला, मग मनिला येथे ते फ्रान्सिस्कन या ख्रिस्ती साधूंच्या संघात दाखल झाले आणि जपानी भाषा येत असल्याने दुभाषी म्हणून पुन्हा तिकडे गेले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे २६ जणांना क्रूसावर चढवून भाल्यांनी भोसकण्यात आले, त्यांत तेही होते. १८६२ मध्ये त्यांना संतपद मिळाले. भारतात जन्मून संतपदाला पोहोचलेले ते पहिले. वसईच्या मातीतला हा माणूस महाराष्ट्रातच फारसा कुणाला ठाऊक नसावा, याचे मला मनापासून वाईट वाटते. पुन्हा गेलात तर त्या मूर्तीसमोर थोडा अधिक वेळ थांबा.

आपण हात जोडले, त्यात काहीच वावगे नाही. कॅथलिक शिकवणुकीप्रमाणे आराधना केवळ परमेश्वराची करायची असते. संतांना वंदन करून ‘आमच्यासाठी प्रार्थना करा’ अशी विनवणी करतात. एक गोष्ट तेवढी सांभाळावी. मिस्सा, म्हणजे चर्चमधील सामूहिक उपासना, चालू असताना धर्मगुरू जी पवित्र भाकर देतात, ती आपल्याकडच्या प्रसादासारखी सर्वांना वाटली जात नाही, ती कॅथलिक श्रद्धावंतांसाठीच असते. म्हणून इतर लोक रांगेत निघाले तरी आपण आपल्या बाकावर शांत बसून राहावे.