चित्रावरून मॉडेल: सुरुवातीला एवढंच सांभाळा

थ्रीडी पात्र घडवायला सॉफ्टवेअर कुठलं घ्यावं यावर डोकं शिणवू नका. ब्लेंडर फुकट आहे, तेच घ्या.

खरं काम कागदावर सुरू होतं. पात्राची समोरून आणि बाजूने अशी दोन चित्रं काढा. डोळे, खांदे, कंबर, गुडघे दोन्हींत एकाच उंचीवर आहेत ना, ते पट्टी लावून बघा. मान तिरकी वळवलेलं देखणं चित्र इथे बिनकामाचं. मग ब्लेंडरमध्ये नमपॅडवर (कीबोर्डच्या उजवीकडचे आकडे) १ दाबून समोरचं आणि ३ दाबून बाजूचं चित्र रेफरन्स म्हणून लावा. पात्र अर्धंच घडवा, उरलेलं अर्धं मिरर मॉडिफायर आरशासारखं उमटवतो. त्यातलं क्लिपिंग (मधल्या रेषेवरचे बिंदू जोडलेले ठेवणारी सोय) मात्र चालू ठेवा, नाहीतर ऐन नाकावर फट पडते.

नवख्यांच्या नेहमीच्या चुका:

- पहिल्याच दिवशी जाळी (मॉडेलचा पृष्ठभाग बनवणारे बिंदू आणि रेषा) बारीक करणं. आधी मोजक्या बिंदूंत आकार बसवा.
- ऑब्जेक्ट मोडमध्ये (जिथे अख्खी वस्तू एकदम बदलते) आकार लहानमोठा करून स्केल अप्लाय न करणं, म्हणजे नवं माप पक्कं न करणं. कंट्रोल ए दाबायचा कंटाळा पुढे हाडं (पात्र हलवणारा सांगाडा) जोडताना भोवतो.
- कोपराला, गुडघ्याला एकच लूप (भोवतीने फिरणारं रेषांचं कडं) देणं. तिथे तीन तरी हवेत. एकावर हात वाकवला की कोपर चिमटतं.

अ‍ॅनिमेशनमध्ये लगेच पात्र चालवायला जाऊ नका (सगळ्यांना तेच करायचं असतं!). सेकंदाला २४ फ्रेम ठेवून टप्पे खाणारा चेंडू करा. वर तो रेंगाळला पाहिजे, जमिनीकडे येताना वेग घेतला पाहिजे. ग्राफ एडिटरमध्ये (हालचालीचा आलेख दाखवणारी खिडकी) ते वळण जमेपर्यंत रिगिंग (सांगाडा बसवणं), केस, कापड यांच्या वाटेला जाऊ नका.