अनसीनच्या पेपराआधी

प्रिय मुली,

तुझा मेसेज वाचला. "ताई, अनसीनसाठी पाठ काय करू?" अनसीनमध्ये आधी न पाहिलेली जाहिरात, बातमी किंवा क्लिप देतात आणि तिचं विश्लेषण करायला सांगतात, पाठ करण्यासारखं त्यात काही नसतं. पण पाठांतराची सवय शाळेपासून हाडात मुरलेली असते, ती आठवड्यात जाणार नाही. माझीही गेली नव्हती. पदविकेच्या परीक्षेत आम्हाला कुकरची एक जाहिरात आली होती. मी चार पानं भरली: पितृसत्ता, उपभोगवाद, झाडून सगळं. सरांनी समासात लाल पेनानं एवढंच लिहिलं होतं, "यात जाहिरात कुठाय?" घरी येऊन ती पुन्हा बघितली. अख्खं कुटुंब टेबलाभोवती बसलेलं, आई एकटी उभी, आणि तिच्यासाठी तिथे खुर्चीच नाही. पितृसत्तेवर चार पानं लिहिणाऱ्या मला ती नसलेली खुर्ची दिसली नव्हती.

तेव्हापासून माझं एकच पालुपद आहे, वर्गातल्या मुलांना त्याचा कंटाळा आलाय: आधी बघ, मग नाव दे. प्रश्नाला 40 मिनिटं आहेत म्हणतेस ना, त्यातली पहिली 8 नुसती बघण्यात घाल. कच्च्या कामाच्या पानावर फक्त दिसलेल्या गोष्टी टिपायच्या. कोण उभं, कोण बसलंय, कोण कुणाकडे बघतंय, कपडे, उजेड कुठून येतोय, कुठलं अक्षर केवढं, चौकटीच्या कडेला काय कापलंय. 'आधुनिक', 'पारंपरिक' हे शब्द त्या पानावर आले तर खोड. ते तुझं मत झालं.

एक करून दाखवते. गुढीपाडव्याच्या अंकावर फ्लॅटच्या जाहिरातीचं जॅकेट, म्हणजे पेपराला बाहेरून गुंडाळलेलं जाहिरातीचं पान, असतंच. समज, उंच इमारतीची बाल्कनी, तिथे गुढी. नऊवारी आणि नथ घातलेली तरुणी, शेजारी कुर्त्यातला नवरा. त्यानं गुढीची काठी मुठीत धरलीय, तिची फक्त बोटं काठीला टेकलीत. नवरा लांब क्षितिजाकडे बघतोय, ती नवऱ्याकडे. आता एकेक वस्तू मनात बदलून बघ. नऊवारीच्या जागी रोजचा पंजाबी ड्रेस घाल. काय गेलं? सण गेला, 'आपली माणसं' गेली. बाल्कनीच्या जागी चाळीची गॅलरी ठेव. एकदम शेजारी आले, पोरं आली, वाळत घातलेले कपडे आले. म्हणजे मूळ चित्रात शेजारी कुणीच नव्हते, आणि बिल्डर नेमकं तेच विकत होता. मराठीपण हवं, पण शेजाऱ्यांशिवाय. हे वाक्य तुला कुठल्याच नोट्समध्ये मिळालं नसतं.

आता नावं. बोटं टेकवण्याबद्दल समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमन यांनी 1979च्या 'जेंडर ॲडव्हर्टाइजमेंट्स'मध्ये लिहून ठेवलंय: जाहिरातीतली बाई वस्तू घट्ट धरत नाही, नुसती कुरवाळते. नऊवारी-नथीच्या मुद्द्याला फ्रेंच समीक्षक रोलाँ बार्थ लाव. त्यांनी 1964 साली पान्झानी या फ्रेंच कंपनीची पास्त्याची जाहिरात घेतली होती. बाजाराची जाळीची पिशवी, तिच्यातून बाहेर आलेले टोमॅटो, लाल-पिवळा-हिरवा रंग, आणि या सगळ्यातून तयार झालेला 'इटालियनपणा'. गंमत अशी की तो इटालियनपणा फ्रेंच माणसासाठी होता, इटलीतल्या माणसाला तो तितका जाणवलाच नसता. तसंच नऊवारी रोज नेसणारी आजी या जॅकेटकडे कशी बघेल? डिनोटेशन (चित्रात थेट दिसतं ते) आणि कनोटेशन (त्यातून सुचवलं जातं ते) यांना घाबरू नकोस. मराठीच्या तासाला अभिधा आणि व्यंजना शिकलीस, ती जोडी याच्याशी तंतोतंत जुळत नाही, पण ज्याला व्यंजना कळली त्याला कनोटेशन वेगळं शिकवावं लागत नाही. एका उत्तरात सिद्धांत दोन, फार तर तीन. माध्यमांचे अभ्यासक स्टुअर्ट हॉल यांची तीन वाचनं (सांगितलेला अर्थ जसाच्या तसा मानणारं, थोडा मानून थोडा बदलणारं आणि तो नाकारणारं) लिहायची असतील तर ती नुसती मोजून दाखवू नकोस. पुनर्विकासात जिची चाळ पाडली जातेय ती मुलगी हे जॅकेट कसं वाचेल, ते लिही.

बातमी आली तर मात्र वेगळी नजर लागते, आणि इथे माझी सगळी उमेदवारी डेस्कवरची, म्हणजे पेपरात बातम्या लिहून-सुधारून मथळे देण्याची, आहे म्हणून जरा जास्त सांगते. मराठीत सर्वनाम आणि क्रियापदच सांगतात कोण मोठा, कोण छोटा. कालपर्यंत 'ते म्हणाले' असलेला माणूस अटक झाली की 'तो म्हणाला' होतो, गुन्हा सिद्ध व्हायचा असतो तरी. पुढारी वजनदार असेल तर आत गेल्यावरही त्याचं 'त्यांनी' सुटत नाही. रिक्षावाला साठीचा असला तरी 'त्याने'. मी स्वतः शेकडो बातम्यांत हे केलंय. कुणी सांगितलं नव्हतं, हात आपोआप तसा जायचा. इंग्रजी पाठ्यपुस्तकांत हे सापडणार नाही, म्हणून तुझ्या उत्तरात ते उठून दिसेल.

मथळा घे: 'भिंत कोसळून 3 मजूर ठार'. कोसळली ती भिंत. ती कुणी बांधली, कुणी पास केली, ती माणसं वाक्यात नाहीतच. मजुरांना आकडा आहे, नाव नाही. पण लगेच कटकारस्थान लिहू नकोस. रात्री अंक सोडायची घाई असते, मथळा एका कॉलमात बसवायचा असतो, नावं अजून आलेली नसतात. दोन्ही लिही: काय गाळलंय, आणि ते गाळायला कामाची कुठली सवय कारण असेल.

व्हिडिओ क्लिप आलीच तर घरी सराव असा कर: एकदा आवाज बंद करून बघ, एकदा डोळे मिटून नुसतं ऐक. यापलीकडे त्यात फार काही नाही, कॅमेऱ्याचे शब्द तुला येतातच.

रोज रद्दीतलं एक पान, 40 मिनिटं, घड्याळ लावून. मोबाइलवरचं नको, त्यात पानाची मांडणी दिसत नाही. रविवारी चारच्या सुमारास ये. पाडव्याचे दोन अंक मी जपून ठेवलेत, रद्दीवाल्याला दिलेले नाहीत. चहा मी करते, तोवर तू आठ मिनिटं बघत बस.

तुझी,
ताई