थंड वायू की शीत वायू?

मुलुंडच्या एका अनुवादकाने विचारलंय : 'कोल्ड गॅस'ला 'शीत वायू' म्हणावं की 'थंड वायू'? त्यांचं वाक्य असं : 'मोठ्या तबकडीसारख्या आकाशगंगांतील शीत वायू व तारांची निर्मिती'.

'थंड वायू'च लिहा. 'शीत' समासात छान बसतं : शीतगृह, शीतपेय, शीतयुद्ध. सुटं आलं की मराठी माणसाला आधी भात दिसतो. शितावरून भाताची परीक्षा करणारे आपण. 'गार' पन्ह्याला ठेवा.

पण थंड म्हणजे किती, हे पहिल्याच उल्लेखात सांगायला हवं. अणुरूप हायड्रोजनचा थंड वायू १०० केल्विनच्या आसपास, म्हणजे उणे १७३ अंश सेल्सिअस. तारे ज्यात जन्मतात तो रेणुरूप वायू १० ते २० केल्विन. इतकी थंडी लागते, कारण तापलेल्या वायूचा दाब गुरुत्वाकर्षणाला दाद देत नाही आणि ढग आकसत नाही. नारायणगावजवळच्या खोडदची रेडिओ दुर्बीण २१ सेंटीमीटरच्या लहरी टिपते, त्या अणुरूप वायूच्या. रेणुरूप हायड्रोजन एवढ्या थंडीत जवळजवळ मुका. त्याचा अंदाज कार्बन मोनॉक्साइडच्या २.६ मिलिमीटर लहरींवरून बांधतात. एखाद्या दीर्घिकेत, म्हणजे 'गॅलक्सी'त, अणुरूप वायू भरपूर आणि तारे मात्र जेमतेम जन्मतायत, असंही असू शकतं. दोन्हींना नुसतं 'थंड वायू' म्हटलंत तर तिथे वाचक अडखळणारच.

न विचारलेली चूक मात्र मोठी आहे. तो तारा, ते तारे, ताऱ्यांची. ती तार, त्या तारा, तारांची. तारांसाठी मुंबईत लोहार चाळीचा बाजार आहे! 'तारानिर्मिती' हा समासही याच कारणाने टाळावा.

'मोठ्या'ही चालणार नाही. मूळ इंग्रजी शब्द 'मॅसिव्ह', तो आकाराचा नाही, वस्तुमानाचा आहे. आणि आकाशगंगा हे आपल्या दीर्घिकेचं विशेषनाम. बाकीच्या नुसत्या दीर्घिका. (संस्कृतात दीर्घिका म्हणजे लांबट तळं.)

तेव्हा : 'अधिक वस्तुमानाच्या तबकडीरूप दीर्घिकांमधला थंड वायू आणि ताऱ्यांची निर्मिती'. यातला 'वायू' दीर्घच. पुढे 'वायुमेघ' लिहाल तेव्हा 'यु' ऱ्हस्व.