यामाहा आरएक्स 100 चा पिस्टन सीज झाला (चिकटून अडकला), ब्लॉकवर म्हणजे सिलिंडरवर आतून ओरखडे आहेत. बोअर मारू (सिलिंडर आतून कापून थोडा मोठा करू) की नवीन ब्लॉक घेऊ?

नवीन ब्लॉकच्या मागे लगेच लागू नका, बाजारात डुप्लिकेट माल भरपूर आहे आणि ओरिजिनल ब्लॉकचा लायनर (आतली नळी) ओतीव लोखंडाचा असतो, तो आरामात बोअर होतो.

आधी ओरखड्यांवर नख फिरवून बघा. अडकत नसेल तर बऱ्याचदा ती पांढरी रेघ म्हणजे लायनरला चिकटलेलं पिस्टनचं ॲल्युमिनियम असतं, लायनर कापलेला नसतो. ते काढून हलकं होनिंग (आतून बारीक घासणं) केलं आणि माप बसलं तर त्याच साइजचा नवीन पिस्टन-रिंग टाकून काम भागतं. नख अडकलं तर मात्र बोअरच. स्टँडर्ड बोअर 50 एमएम, त्यापुढे 0.25, 0.50 असे ओव्हरसाइज पिस्टन मिळतात. पिस्टन आधी घ्या, तो लेथवाल्याच्या हातात द्या आणि त्याच्या मापाने बोअर मारायला सांगा, उलटं नाही. आणि बोअर झाल्यावर पोर्टच्या (सिलिंडरच्या भिंतीतल्या भोकांच्या) कडा थोड्या घासून मोडायला लावा, हे बरेच जण विसरतात मग रिंग कडेला अडकून तुटते की परत खर्च.

पण मुळात सीज का झाला ते शोधलंत का? टू-स्ट्रोक आहे, ऑइल पंपाची केबल, ऑइलच्या पाइपमधली हवा, क्रँकचं सील, कार्बोरेटरचा जेट (पेट्रोल सोडणारं बारीक भोक) सगळं बघा, नाहीतर नवीन पिस्टनपण आठवड्यात चिकटेल. बोअरनंतर पहिले 500 किमी गाडी पिळू नका.