लेव्हलच्या आधी माप

पोरी,

काल रात्रीचा मेसेज वाचला. चेन्नईच्या ट्रॅक डेचे, म्हणजे रेसिंग ट्रॅकवर आपली बाइक चालवायच्या दिवसाचे, पैसे भरलेस, बाइक टेम्पोतून जाणार, लेदर सूट मैत्रिणीचा मिळतोय, राहिलाय तो फक्त बॅक प्रोटेक्टर, पाठीवरचा मार अडवणारं कवच. 'काका, लेव्हल वन घेऊ की टू?' एवढंच विचारलंस. टू घे, त्यात दुमत नाही. पण प्रोटेक्टर तुझ्या पाठीला बसतो का, हे तू विचारलंच नाहीस, आणि मला काळजी त्याचीच आहे.

लेव्हलचं आधी उरकतो. पाठीच्या प्रोटेक्टरसाठी युरोपचं मानक आहे, ईएन १६२१-२. चाचणीत पाच किलोचं वजन साधारण एक मीटरवरून प्रोटेक्टरवर सोडतात, म्हणजे ५० जूल ऊर्जेचा दणका, आणि खालच्या बाजूला किती बल पोचलं ते मोजतात. लेव्हल वनला सरासरी १८ किलोन्यूटनपर्यंत मुभा आहे, लेव्हल टूला ९. पाठीपर्यंत पोचणारा मार थेट निम्म्यावर येतो. त्यासाठी थोडी जाडी आणि थोडे जास्त पैसे सोसायचे. ट्रॅकवर तरी यात काटकसर करू नकोस. आणि जॅकेटच्या खिशात आधीपासून असलेला तो पातळ फोमचा तुकडा काढून हातात घे. त्यावर मानकाचा नंबर छापलेला नसेल, तर ती नुसती भरणी आहे.

आता मापाचं. बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट, ट्रॅक तोच, चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईचा. माझा सूट टू-पीस होता, जॅकेट आणि पँट वेगवेगळी, आणि जॅकेट एक साइझ मोठं, कारण दुकानात तेवढंच शिल्लक होतं. प्रोटेक्टर जॅकेटच्या खिशात घातलेला, चांगला, महागातला. एका उजव्या वळणावर पुढचं चाक सुटलं आणि मी पाठीवर घसरत बाहेर गेलो. घसरताना जॅकेट वर सरकलं, त्याच्याबरोबर प्रोटेक्टरही. कर्बचा, म्हणजे ट्रॅकच्या कडेच्या उंचवट्याचा, काठ बसला तो नेमका कमरेच्या वर, जिथे तेव्हा लेदरशिवाय काहीच नव्हतं. पिटमध्ये जॅकेट उतरवायला दोघे लागले. प्रोटेक्टरचा खालचा काठ खांद्याच्या पात्यांखाली अडकला होता, वरचा हेल्मेटला टेकला होता, आणि त्यावर साधा ओरखडासुद्धा नव्हता. पुढचे तीन आठवडे माझ्या बुटांची लेस तुझी काकू बांधत होती.

म्हणून टेप घे आणि आईला मदतीला बोलाव. मान जिथे खांद्याला मिळते तिथून टेप पाठीवरून सरळ खाली सोडायची. कमरेवर हात ठेवलास की हाडाचा जो वरचा काठ बोटांना लागतो, त्या रेषेपर्यंतचं अंतर सेंटीमीटरमध्ये लिहून ठेव. प्रोटेक्टरच्या लेबलवर याच अंतराचा पल्ला छापलेला असतो. तुझ्या एकूण उंचीवरून साइझ सांगणाऱ्या दुकानदाराचं ऐकू नकोस. तुझे पाय लांब आहेत आणि धड आखूड. उंचीवरून घेतलेला प्रोटेक्टर तुला खात्रीने लांब होईल, मग पेट्रोलच्या टँकवर पालथी झोपलीस की तो हेल्मेटला मागून ढकलेल आणि मान वर उचलून पुढचं वळण बघता येणार नाही. मुलींच्या मापाचे वेगळे प्रोटेक्टर मिळतात, आधी ते घालून बघ.

लेबलवर अजून दोन गोष्टी बघायच्या. एफबी म्हणजे पूर्ण पाठ, खांद्याच्या पात्यांसकट. सीबी म्हणजे मधला पट्टा. एलबी म्हणजे फक्त कंबर. तू एफबी घे. दुसरं, 'टी' आणि त्यापुढे अधिकचं चिन्ह आहे का ते बघ. तसं असेल तर तो ४० अंशांतही तपासलेला आहे. हे मऊ फोम उष्णतेत आणखी सैल पडतात आणि तुला चेन्नईच्या उन्हात लेदर घालून बसायचंय.

खिशात घालायचा की पट्ट्यांचा, यावर माझं मत ठाम आहे. खांद्यावर पट्टे आणि पोटावर रुंद बेल्ट असलेला घे. तो अंगाला बांधलेला असतो, सूट हलला तरी तो हलत नाही. एकमेकांवर चढलेल्या कडक प्लेट्सचा प्रोटेक्टर दिसला तर हातात घेऊन वाकवून बघ, पुढे सहज वळतो, मागे अडतो. १९७० च्या दशकाच्या अखेरीस इटलीच्या डायनीज कंपनीसाठी मार्क सॅडलर या डिझायनरने लॉबस्टरच्या कवचावरून ही कल्पना घेतली. मला आजही ती फार सुंदर वाटते.

मैत्रिणीचा सूट मात्र प्रोटेक्टर बांधूनच घालून बघ. चेन ओढताना श्वास अडकत असेल तर सूट बदल, प्रोटेक्टर काढून ठेवायचा विचारही नको. सूटच्या मानेमागचा तो उंचवटा वारा कापण्यासाठी असतो, त्याला संरक्षण समजू नकोस. आणि वापरलेला प्रोटेक्टर कितीही स्वस्तात मिळाला तरी घेऊ नकोस. फोमने एकदा मोठा मार खाल्लेला असला तरी वरून कळत नाही.

एक गोष्ट स्पष्ट सांगितली नाही तर मला झोप लागणार नाही. प्रोटेक्टर थेट बसणारा मार अडवतो. कर्ब, फूटपेग (पाय ठेवायचा दांडा), मागून येणाऱ्याचं चाक, हायसाइडला, म्हणजे घसरलेलं मागचं चाक अचानक पकड घेऊन बाइकने वर फेकलं की, उडून पाठीवर आपटणं, अशा वेळी तो बरगड्या आणि खांद्याची पाती वाचवतो. पण डोक्यावर किंवा खांद्यावर पडून कणा पिळला, दुमडला किंवा उभा दाबला गेला, तर त्याच्या हातात फारसं काही नाही, आणि कण्याच्या गंभीर दुखापती बऱ्याचदा अशाच होतात. त्यामुळे पाठीवर लेव्हल टू आहे म्हणून पहिल्या सेशनला कुणाच्या मागे लागू नकोस. मान आणि कॉलरबोनसाठी सूटमधली, पडताना फुगणारी एअरबॅग जास्त उपयोगी. मोटोजीपीत, म्हणजे बाइक रेसिंगच्या सर्वोच्च जागतिक स्पर्धेत, २०१८ पासून ती सगळ्यांना सक्तीची आहे. आत्ता तुझ्या खिशाला ती झेपणार नाही, पुढच्या वर्षी बोलू. छातीचा प्रोटेक्टर मात्र जमलं तर आत्ताच घे, तो तसा स्वस्त असतो.

आज माप कळव. दुकानात गेलीस की लेबलचा फोटो काढून पाठव, मी बघेपर्यंत पैसे देऊ नकोस. शनिवारी सकाळी सूट, हेल्मेट आणि प्रोटेक्टर घेऊन घरी ये. खाली पार्किंगमध्ये तुझी बाइक स्टँडवर लावू. सगळं अंगावर चढवून तू टँकवर झोप, मी समोरच्या भिंतीवर खडूने खूण करतो, ती मान न अवघडता दिसते का बघू.

काका