पैसे अडकलेत, कागद देऊन बसलोय

"ताई, यांनी हातात आधारकार्ड धरून फोटो पाठवलाय. आता काय होईल?"

ती दारात उभी राहूनच बोलली, आत येऊन बसायच्या आधी. मागे नवरा चप्पल काढत होता. एका चपलेचा पट्टा सोडवायला त्याला बराच वेळ लागत होता. दिवाळी होऊन दोन आठवडे झाले असतील.

ऑनलाइन जुगारात अडकलेल्या घरांतून हा प्रश्न सोलापुरात माझ्यापर्यंत वारंवार येतो, फक्त शब्द बदलतात. कुणी पॅन दिलेलं असतं, कुणी पासबुकाचा फोटो. स्क्रीनवर पैसे दिसतात पण निघत नाहीत. आणि शेवटी हमखास एक वाक्य येतं, "पण साइट लायसनवाली आहे म्हणतात, मग खरीच असेल ना?" म्हणून या जोडप्याची गोष्ट लिहिते आहे. दोघांनी परवानगी दिली आहे, आणि ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत.

तो तिशीतला. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघतो. किती डझन गेले, कुणाचा किती पगार निघाला, सगळं त्याला तोंडपाठ. ती घरी ब्लाउज शिवते आणि बचत गटात आहे.

"पाचशेनं सुरू केलो मॅडम," तो म्हणाला. "तीन हजार झाले. ते खात्यात आलेपण. म्हणून तर विश्वास ठेवलो."

ते पहिले तीन हजार सुखरूप हातात पडले, हेच या सगळ्या प्रकरणाचं मूळ. जिंकणं कधी येईल याचा नेम नसला की मन त्याला फार घट्ट चिकटतं. रोज ठरलेली रक्कम मिळाली असती तर माणूस कंटाळून उठला असता. चौदा महिन्यांत त्याने किती घातले हे हिशेब बघणाऱ्या या माणसालाही ठाऊक नव्हतं. बँकेचं स्टेटमेंट समोर घेऊन पेन्सिलने खुणा करत आम्ही बेरीज केली. तीन लाख अठ्ठावीस हजार. त्यात तिचे कानातले होते आणि बचत गटाचं चाळीस हजारांचं कर्ज होतं. बेरीज झाल्यावर त्याने पेन्सिल खाली ठेवली आणि बोटं एकमेकांत अडकवून धरली. ती काही बोलली नाही.

मग त्याने फोन उघडून दाखवला. शिल्लक ८६,४०० रुपये. पैसे काढायला गेलं की "व्हेरिफिकेशन बाकी". आधार, पॅन, पासबुक, आणि आधार हातात धरून काढलेला सेल्फी, हे सगळं देऊन झालं होतं. आता नवा निरोप आला होता, १५ टक्के कर म्हणून १२,९६० रुपये आधी भरा, मग रक्कम मोकळी होईल. भरण्याची मुदत त्याच दिवसाची. हे पैसे त्याने सासूकडे मागितले आणि तिथेच बायकोला सगळं कळलं.

त्या अडकलेल्या रकमेशेजारी आणखी एक बटण होतं, रक्कम परत खेळात घेण्याचं. पहाटे दोन वाजता त्याने ते दोनदा दाबलं होतं. एकदा बावीस हजार गेले. "निघतच नाहीत तर निदान वाढवू म्हटलो," तो म्हणाला. पैसे अडकवून ठेवायचे आणि शेजारीच खेळाचं दार उघडं ठेवायचं, यात माणूस किती सहज सापडतो हे मी अनेकांच्या बाबतीत पाहिलं आहे. ब्रिटनमध्ये २०२१ पासून परवानाधारक कंपन्यांना अशी सोय द्यायला बंदी आहे. पैसे काढायला टाकले की ते परत खेळात ओढता येत नाहीत.

पानाच्या तळाशी "१८+" चा गोल शिक्का होता, परदेशी परवान्याचा एक आकडा होता आणि "जबाबदारीने खेळा" असं शीर्षक होतं. मी म्हटलं, "इथे महिन्याला किती भरायचे याची मर्यादा घालता येते असं लिहिलंय. घालून बघा." त्याने दाबलं. चॅटची खिडकी उघडली. प्रतिनिधी संपर्क करतील, असं उत्तर आलं. दोन मिनिटांनी खरंच निरोप आला, पाच हजार भरले तर अडीच हजार बोनस. त्याने माझ्याकडे पाहिलं. मला काहीच समजवावं लागलं नाही.

खरी पडताळणी कशी असते हे मी त्याला सविस्तर सांगितलं. कारण त्याच्या मनात "केवायसी मागतात म्हणजे कायदेशीर" हे पक्कं बसलं होतं. बँकेत, सिमकार्डाला, गॅसला आपण कागद देत आलो आहोत, त्यामुळे कागद मागणारा आपल्याला सरकारी वाटतो. ज्या देशांत ऑनलाइन कॅसिनोला परवाना मिळतो, त्यातल्या काही ठिकाणी पडताळणी खेळायच्या आधी होते. ब्रिटनमध्ये मे २०१९ पासून नाव, पत्ता आणि जन्मतारीख तपासल्याशिवाय पैसे लावूच देत नाहीत. वय कमी आहे का, नाव खरं आहे का, आणि या माणसाने स्वतःलाच खेळापासून बंद करून घेतलंय का, हे बघण्यासाठी ती पडताळणी असते. जी माहिती आधी मागता आली असती, ती पैसे काढायच्या वेळी पुढे करून रक्कम अडवायची नाही, असाही तिथे नियम आहे. आणि पडताळणीसाठी किंवा करासाठी खेळणाऱ्याकडूनच आगाऊ रक्कम मागणं, हे तर सरळ फसवणुकीचं लक्षण. कर कापायचाच असेल तर तो जिंकलेल्या रकमेतून कापता येतो.

"तुम्ही पैसे कुणाच्या नावावर भरत होता?" मी विचारलं. त्याने यूपीआयची यादी दाखवली. एकदा कुणा बाईचं नाव, एकदा कुठल्या मोबाइल दुकानाचं, एकदा नुसती अक्षरं. चौदा महिन्यांत एकच नाव दोनदा क्वचित आलं होतं. हे पाहून तो स्वतःच म्हणाला, "आमच्या कारखान्यात कुणी असं बिल दिलं असतं तर मी सही केलो नसतो."

पुढचा प्रश्न त्याने फार हळू विचारला. "मला अटक होईल का?"

ही भीती घेऊनच तो वर्षभर गप्प होता. मी त्याला सांगितलं ते इथेही सांगते. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन पैशांच्या खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. असे खेळ पुरवणं, त्यांची जाहिरात करणं आणि त्यांचे पैसे फिरवणं यांना त्यात शिक्षा आहे. खेळ पुरवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड होऊ शकतो. खेळणाऱ्याला मात्र त्या कायद्यात शिक्षा ठेवलेली नाही. म्हणजे परदेशातला कसलाही परवाना दाखवला तरी अशी साइट इथे कायदेशीर ठरत नाही, आणि तुम्ही तक्रार करायला गेलात तर फसवले गेलेले म्हणून जाता. हे ऐकून तो भिंतीला टेकून बसला. पहिल्यांदाच.

मी थेट विचारलं, "जगू नये असं वाटलंय का?" असं विचारल्याने डोक्यात नसलेलं काही शिरत नाही. उलट मनात असेल ते बाहेर यायला वाट मिळते. तो म्हणाला, एकदा कंबर तलावाच्या कडेला रात्री बराच वेळ बसलो होतो. बायकोने तोंडावर पदर घेतला. त्या दिवशी बाकी सगळं थांबवून आम्ही फक्त याच गोष्टीवर बोललो. रात्री मन भरून आलं तर कुणाला उठवायचं हे ठरलं. टेली मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर दोघांच्या फोनमध्ये घातला. तो चोवीस तास सुरू असतो, मराठीत बोलता येतं आणि पैसे पडत नाहीत.

कागदांचं काय, हा तिचा मूळ प्रश्न. गेलेला फोटो परत आणता येत नाही, पण त्याचा गैरवापर अवघड करता येतो. तिथल्या तिथे आम्ही आधारच्या ॲपमधून बोटांचे ठसे आणि डोळ्यांची ओळख लॉक केली, आणि आधार कुठेकुठे वापरलं गेलं याची नोंद पाहिली. पॅनवर कुणी कर्ज उचललंय का ते क्रेडिट रिपोर्टमध्ये दिसतं, आणि तो वर्षातून एकदा फुकट मिळतो. त्याच संध्याकाळी त्याने १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करून तक्रार नोंदवली आणि दुसऱ्या दिवशी बँकेत लेखी दिलं. या साइटवाल्यांकडून खात्यात आलेला पैसा दुसऱ्या कुणाच्या फसवणुकीचा निघाला तर खातं गोठू शकतं, हे त्याला ठाऊक नव्हतं. पैसे परत मिळतील असं मी त्याला म्हटलं नाही. पैसे जाऊन काही तासच झाले असतील तर १९३० वरून ते वाटेत थांबवता येण्याची शक्यता जास्त असते. त्याच्या बाबतीत महिने लोटले होते. ते ८६,४०० रुपये कधी नव्हतेच, हे मानायला त्याला तीन भेटी लागल्या, आणि खरा शोक त्याच आकड्याचा होता. गेलेल्या तीन लाखांपेक्षा त्याच्यासाठी तो जास्त रडला.

दुसऱ्या भेटीत ती म्हणाली, "ताई, कोजागिरीला तुळजापूरला चालत जाऊन आईसमोर शपथ घेतली होती यांनी. पगार झाला आणि मोडली." ती शपथेपेक्षा देवीचा अपमान झाला म्हणून जास्त दुखावली होती. मी तिला म्हटलं, त्याने शपथ खोटी घेतली नव्हती. पंचेचाळीस किलोमीटर चालून पाय सुजलेला माणूस देवळात शांत मनाने बोलला होता. पगाराच्या रात्री दोन वाजता फोन हातात घेऊन बसलेलं मन वेगळं असतं. शांत मनाने जे ठरवलं ते त्या दुसऱ्या मनाला सहज मोडता येऊ नये, अशी काहीतरी सोय लागते.

परवाना देणाऱ्या देशांत जी साधनं सक्तीची केली आहेत, ती याच समजुतीवर उभी आहेत. ब्रिटनमध्ये पैसे भरण्याची मर्यादा कमी केली तर लगेच लागू होते, वाढवायची म्हटली तर चोवीस तास थांबावं लागतं. स्वतःला बंद करून घेण्याची तिथली यादी २०२० पासून सगळ्या परवानाधारक ऑनलाइन कंपन्यांना बंधनकारक आहे. एकदा सहा महिने, वर्ष किंवा पाच वर्षं नाव घातलं की मुदत संपेपर्यंत ते काढता येत नाही, कितीही गयावया केली तरी. क्रेडिट कार्डावर जुगार खेळायलाही त्याच वर्षी बंदी आली. जर्मनीत सगळ्या साइट मिळून महिन्याला साधारण हजार युरोच भरता येतात. या प्रत्येक नियमामागे कंपनीचा परवाना काढून घेऊ शकणारं कुणीतरी उभं आहे. आमच्या या साइटमागे कुणीच नव्हतं. म्हणून आम्ही तीच साधनं घरात उभी केली.

पगाराचं खातं बायकोसोबत जोडखातं झालं, आणि त्याच्या फोनवरून यूपीआय काढून टाकलं. रोजच्या खर्चाला दोनशे रुपये, रोख. वाढवून हवे असतील तर आज मागायचे, उद्या मिळणार. कारण चांगलं असलं तरी उद्याच. हा चोवीस तासांचा नियम तिला सुरुवातीला फार जड गेला. "नवऱ्याला भीक घातल्यासारखं वाटतं ताई," ती म्हणाली. तेव्हा तोच तिला म्हणाला, "मी मागतोय म्हणून तू देऊ नकोस. देऊ नकोस म्हणून मीच सांगितलोय." तिने ते आपल्या मापांच्या वहीत, ब्लाउजच्या मापांखाली लिहून ठेवलं आणि त्याच्याकडून सही घेतली. मला ती सही पाहताना गलबलून आलं.

फोन रात्री दहानंतर त्याच्या वडिलांच्या खोलीत चार्जिंगला. ओढ उठली की वीस मिनिटं काढायची. कुठलीही ओढ लाटेसारखी चढते आणि उतरते, आणि ती उतरेपर्यंत हात कशात तरी गुंतलेले हवेत. तो शेंगा सोलायला बसायचा. चटणीसाठी आईला लागायच्याच.

डिसेंबरमध्ये तो एकदा घसरला. कारखान्यातल्या मित्राच्या फोनवरून, आठशे रुपये. त्याच रात्री त्याने घरी सांगितलं. मी त्या आठशे रुपयांबद्दल फारसं बोलले नाही, पण सांगितलं कसं हे तीनदा विचारलं. पूर्वी सांगायला चौदा महिने लागले होते, आता चार तास.

परवा, गड्ड्याची यात्रा संपल्यावर दोघं आले. मुलाला घेऊन होम मैदानावर गेले होते. खर्चाला पाचशे, आदल्या दिवशी मागून घेतलेले. रिंग फेकून साबण जिंकायच्या स्टॉलपुढे तो थांबला. मुलगा हात ओढत होता. रिंग दहा रुपयांना तीन.

"उभा राहिलो मॅडम, पाचेक मिनिटं. हाताला कसंतरी झालं. मग ह्याला पाळण्यात बसवलो." एवढं बोलून तो थांबला, आणि विचारलं, "हे पण वहीत लिहायचं का?"

तिने पिशवीतून वही काढली.