जुनिपर बोन्सायला रोज पाणी घालूनही एकच फांदी तपकिरी का पडते?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात गच्चीवर जुनिपर बोन्साय आहे, जूनमध्ये घेतलं, रोज सकाळी एक कप पाणी घालता, आणि आता दिवाळीनंतर डावीकडची एक फांदी पूर्ण तपकिरी पडली आहे. बाकी झाड हिरवं. पाणी किती घालावं?

आधी कप बाजूला ठेवा. पाणी कपाने मोजायचं नसतं. वरचा दीड-दोन सेंटीमीटर थर सुकला की बारीक छिद्रांच्या झारीने, कुंडीच्या तळातल्या भोकांतून वाहीपर्यंत घालायचं, पाच मिनिटं थांबून पुन्हा एकदा घालायचं, आणि थर सुकेपर्यंत परत हात लावायचा नाही. थंडीत ही वेळ दोन-तीन दिवसांनी येईल, एप्रिलमध्ये रोज, एखाद्या दिवशी दोनदाही. झालं पाण्याचं उत्तर. पण एवढ्याने झाड वाचेल असं मला वाटत नाही, कारण माझा संशय कुंडीच्या पोटातल्या लाल मातीच्या गोळ्यावर आहे.

एकच फांदी गेली यातच सगळं आलं. जुनिपरमध्ये एका बाजूचं मूळ बहुतेक त्याच बाजूच्या फांदीला पोसतं. वडा-पिंपळाचं तसं नाही, तिथे एक मूळ गेलं तर दुसरं सांभाळून घेतं. इथे मूळ मेलं की त्याच्या वरचा सालीचा पट्टा मरतो आणि त्या पट्ट्यावरची फांदी जाते. खोड पिळदार असेल तर पट्टाही फिरत जातो, म्हणून मेलेल्या फांदीपासून सालीचा माग काढत बोट खाली न्या. जिथे पोचाल तिथलं मूळ गेलेलं आहे. आणि ते आज गेलेलं नाही. जुनिपरचं पान मूळ मेल्यावरही काही आठवडे हिरवं राहतं, त्यामुळे घोटाळा पावसाळ्यातला आहे, तुम्हाला कळला दिवाळीनंतर.

आता गोळा. नर्सरीतलं रोप लाल चिकट मातीत वाढतं. त्यात नर्सरीवाल्याचं काही चुकत नाही, टेम्पोत हादरे बसून मुळं उघडी पडू नयेत ही त्याची गरज. चूक पुढे होते. तोच गोळा कडेने छाटून उथळ कुंडीत बसवतात, भोवती दाणेदार मिश्रण भरतात, वर पांढरे गोटे पसरतात आणि बोन्साय म्हणून विकतात. पावसाळ्यात तो गोळा चिंब होतो आणि दिवसच्या दिवस सुकत नाही, मुळांना हवा मिळत नाही, ती कुजतात. ऑक्टोबरच्या उन्हात तोच गोळा एकदा ठणठणीत सुकला की पाणी पीत नाही. तुम्ही ओतलेलं पाणी भोवतालच्या दाण्यांतून सरळ भोकाबाहेर जातं. भोकातून पाणी आलं म्हणून आपण खूश, आणि आत खोडाखाली वीट.

खात्री करायची असेल तर बांबूच्या दोन बारीक काड्या घ्या. एक खोडाला लागून खोल खुपसा, दुसरी कुंडीच्या काठाशी. दहा मिनिटांनी काढून बघा. दोन्ही सारख्याच ओल्या निघाल्या तर माझं म्हणणं खोटं. काठाची ओली आणि खोडाजवळची कोरडी निघाली तर आजच कुंडी बादलीत काठापर्यंत बुडवा आणि बुडबुडे थांबेपर्यंत, साधारण पंधरा मिनिटं, ठेवा. हा तात्पुरता इलाज आहे. आणि खोडाजवळची काडी लाल चिखल घेऊन, कुबट वासाची निघाली तर बुडवूबिडवू नका, त्याचं शेवटी सांगतो.

बोन्सायवाल्या मंडळींत यावर जुना वाद आहे. एक पक्ष ठामपणे सांगतो की जुनिपरचा गोळा फोडायचा नाही, फोडला की झाड मरतं, जुनी माती कडेने चार बोटं काढायची आणि बाकी देवावर. मी दुसऱ्या पक्षाचा. गोळा पूर्ण फोडून, मुळं नळाखाली धुऊन झाड मेलेलं पुष्कळ दिसतं, ते मान्य. पण ते सगळी मुळं एकदम उघडी केल्यामुळे मरतं. अर्धा गोळा काढा, अर्ध्याला हातही लावू नका. मग झाडाजवळ जगायला अर्धी मुळं जशीच्या तशी राहतात. उरलेला अर्धा दोन वर्षांनी. कडेने छाटत राहणाऱ्यांच्या कुंडीत दहा वर्षांनीही खोडाखाली तीच लाल माती सापडते, आणि मुख्य मुळं नेमकी तिथेच असतात.

तुमच्या बाबतीत कुठल्या बाजूने सुरुवात करायची हेही ठरलेलं आहे: मेलेल्या फांदीची बाजू. तिथली मुळं आधीच गेली आहेत, गमावण्यासारखं फार नाही.

वेळ साधारण १५ जानेवारी ते फेब्रुवारीअखेर. पुणे, नाशिक, सातारा या भागांत याच काळात झाड हलवलं तर कडक उन्हाळ्याआधी नवी पांढरी मुळं सुटायला काही आठवडे मिळतात. आदल्या दिवशी पाणी घालू नका, गोळा दमट हवा, चिखल नको. कुंडीतून काढल्यावर खोडाच्या मधून एक रेघ कल्पा आणि एका बाजूची माती काडीने, बाहेरून खोडाकडे, वरून खाली, अगदी खोडाच्या बुडापर्यंत मोकळी करा. ओढू नका, टोकरा. मेलेलं मूळ काळं पडलेलं असतं आणि दोन बोटांत धरून ओढलं तर साल सुटून आत दोरा उरतो. ते कापा. जिवंत मूळ टणक असतं. त्यातली गोल गोल फिरलेली तेवढी कापा, एकूण मुळांच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त नाही. मुळांवर पांढरी, पावसाच्या पहिल्या सरीसारख्या वासाची बुरशी दिसली तर घाबरू नका. ती मुळांना सहसा अपाय करत नाही, धुऊन काढू नका.

मिश्रणाबद्दल. जपानी लोक अकादामा वापरतात, म्हणजे कांतो भागातली ज्वालामुखीच्या राखेतून झालेली दाणेदार माती. इथे ती महाग पडते आणि गरजही नाही. विटांचे तुकडे ३ भाग, काळ्या दगडाची कच २ भाग, नारळाच्या सालीचे बारीक तुकडे १ भाग. वीट पाणी धरते, दगड मोकळं ठेवतो, नारळ पुण्याच्या कोरड्या हवेसाठी. सगळं ३ ते ५ मिलिमीटरचं, चाळणीखालची धूळ फेकून द्यायची. धूळ ठेवलीत तर बाकीच्या कष्टांवर पाणी. वीट पक्की भाजलेली हवी: मूठभर तुकडे रात्रभर भिजवा आणि सकाळी चिमटीत दाबा, चिखल झाला तर ती वीट नको. पाडकामाच्या, सिमेंट-चुना चिकटलेल्या विटाही नकोत.

भोकांवर जाळी, जाळीतून दीड-दोन मिलिमीटरची अॅल्युमिनियमची तार वर काढा आणि तिने झाड कुंडीला घट्ट बांधा. ही पायरी लोक सोडतात. मग झाड वाऱ्याने डुलतं आणि सुटलेलं कोवळं मूळ रोज तुटतं. मिश्रण काडीने मुळांमध्ये जिरवा, पोकळी राहू देऊ नका, खालून गढूळ पाणी येणं थांबेपर्यंत पाणी घाला. तीन-चार आठवडे वारा लागणार नाही अशा जागी, सकाळच्या कोवळ्या उन्हात. खत सहा आठवडे नाही.

यानंतरही पावसाळ्यात उथळ कुंडीच्या तळाशी पाणी साचतंच, भोकं मोकळी असली तरी. विश्वास बसत नसेल तर भांडी घासायचा स्पंज भिजवून आडवा धरा, ठिबकणं थांबेपर्यंत. मग तोच उभा करा, परत पाणी गळेल. तळाशी किती जाडीचा थर ओला राहणार हे दाण्याच्या आकारावर ठरतं, कुंडीच्या खोलीवर नाही. म्हणून कुंडी जितकी उथळ तितका ओल्या थराचा वाटा मोठा. जूनमध्ये कुंडीच्या एका कडेखाली विटेचा तुकडा सरकवून ती तिरपी ठेवा. स्पंज उभा केल्यासारखंच होतं ते.

बाकीचं भराभर. जुनिपर घरात ठेवायचं नाही. टीपॉयवर तर नाहीच, पाहुणे येणार असतील तर एक संध्याकाळ, बस. रोज पाच-सहा तास थेट ऊन हवं. एप्रिल-मेमध्ये दुपारी हिरवी जाळी, आणि कुंडी स्लॅबवर न ठेवता स्टँडवर, कारण तापलेला स्लॅब मुळं भाजतो. शेंडे चिमटीने खुडत बसू नका. जुनिपर आपली ताकद पानांत ठेवतं, सारखे शेंडे खुडले की ते दमतं. लांब वाढलेली डहाळी कात्रीने, मागच्या हिरव्या फाट्यापर्यंत कापा. हिरवं न ठेवता कापलीत तर त्या लाकडावर पुन्हा पालवी येत नाही. फार छाटलं तर नेहमीच्या खवल्यांसारख्या पानांऐवजी टोचरी सुयांसारखी पानं येतात. ती कापू नका, झाड सावरलं की खवले परत येतात. फांद्यांना वळण द्यायची तार, मोठी छाटणी आणि कुंडी बदलणं यांतलं एका हंगामात एकच.

उन्हाळ्यात पानं फिकट, धुळकट दिसली तर फांदीखाली पांढरा कागद धरून टिचकी मारा. पडलेले ठिपके चालायला लागले तर लाल कोळी आहे. पानांच्या खालून पाण्याचा जोरदार फवारा, तीन-चार दिवसांच्या अंतराने एकूण तीनदा. इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक मारू नका, कोळी म्हणजे कीटक नव्हे, त्याला ते लागत नाही. गंधकाची फवारणी पारा ३२ अंशांच्या वर असताना पानं जाळते.

आता हे आधी सांगायला हवं होतं: वरच्या तारखा पठारावरच्या आहेत. मुंबई, रत्नागिरी, गोव्यात थंडी नावालाच, तिथे जुनिपर जगतं पण रखडतं. किनाऱ्यावर राहणाऱ्याने नांदरुक, म्हणजे वडाचाच भाऊबंद, लावावा, हे माझं स्पष्ट मत. आणि काडीचा वास कुबट आला असेल, आणखी एखादी फांदी मलूल होत असेल, तर जानेवारीची वाट बघू नका, एवढं आजच करा. पांढरे गोटे उचला, कुंडी तिरपी करा, वरचा थर नीट सुकू द्या. अशा आजारी झाडाची मात्र कडेची मुळं छाटू नका, आणि कुंडी बदलल्यावर त्या वर्षी फांद्यांना तार नाही म्हणजे नाही.

तपकिरी फांदी लगेच कापू नका. नखाने साल खरवडा. खाली हिरवं दिसलं तर ती जिवंत आहे, राहू द्या. सुकं लाकूड लागलं तर पानं काढा, पण फांदी ठेवा. पुढे पकडीने साल चेचून सोला, आतलं लाकूड पूर्ण सुकलं की लाइम सल्फर, म्हणजे चुना-गंधकाचं द्रावण, लावा. सडक्या अंड्यांसारखा वास येतो, गच्चीवरच लावा, खोडाला आणि कुंडीतल्या मातीला लागू देऊ नका. हाडासारखं पांढरं होईल ते. जपानमधल्या इतोइगावाच्या कड्यांवरच्या जंगली शिम्पाकू जुनिपरच्या कितीतरी फांद्या अशाच असायच्या.